पायरेट केंद्र आणि भूमिगत केंद्र : पोचपत्र नेमके कोणाचे?

शॉर्टवेव्हवर दूरदूरची केंद्रे पकडायची, काय ऐकले याचा रिपोर्ट त्या केंद्राला पाठवायचा आणि उत्तरादाखल त्याचे क्यूएसएल कार्ड, म्हणजे ऐकल्याची लेखी पोच, मिळवून ती जपायची, हा छंद असणाऱ्यांच्या वहीत दोन प्रकारच्या केंद्रांची हमखास सरमिसळ झालेली आढळते. एक पायरेट केंद्र आणि दुसरे भूमिगत केंद्र. दोन्ही आपला ठावठिकाणा सांगत नाहीत, कुठल्या ना कुठल्या सरकारला दोन्ही नकोशी असतात आणि म्हणून दोन्ही ‘चोरून चालणारी’ या एकाच सदरात जाऊन बसतात. माझ्या मते ही सरमिसळ छंदाचे नुकसान करते, कारण पोचपत्र कोण देतो आणि तो कशाची पोच देतो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे इथे अगदी वेगवेगळी आहेत.

पायरेट केंद्र म्हणजे परवाना न घेता, बहुतेक वेळा स्वतःच्या हौसेखातर आणि स्वतःच्या खर्चाने चालवलेले केंद्र. ट्रान्समीटर जोडणारा, गाणी निवडणारा, निवेदन करणारा आणि कार्ड रंगवणारा माणूस बहुधा एकच असतो. शक्ती काही वॅटपासून शे-दीडशे वॅटपर्यंत. आपले म्हणणे कोणाच्या गळी उतरवावे असा त्याचा हेतू क्वचितच असतो. आपला आवाज किती लांब जातो, हेच त्याला जाणून घ्यायचे असते.

भूमिगत केंद्राचा जन्म राजकीय हेतूतून होतो, आणि हे गोव्यातल्या माणसाला वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. पणजीहून पोर्तुगीज सरकारचे अधिकृत ‘एमिसोरा दे गोवा’ प्रसारण करत होते, त्याच काळात २५ नोव्हेंबर १९५५ पासून सरहद्दीपलीकडच्या रानातून ‘व्हॉझ दा लिबर्दाद’, कोंकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’, हे केंद्र सुरू झाले. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी ते आधी आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या परिसरातून, पोर्तुगीज आणि कोंकणी या दोन भाषांत, थेट गोवा मुक्त होईपर्यंत चालवले. १९ डिसेंबर १९६१ रोजी हेतू साध्य झाला आणि केंद्राचे काम संपले. पायरेट केंद्राच्या वाट्याला असा शेवट येत नाही, कारण त्याला मुळात काही साध्यच करायचे नसते. त्याआधी १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत चालवलेला काँग्रेस रेडिओही याच जातीचा. तो ४२.३४ मीटर तरंगलांबीवर ‘भारतातून कुठून तरी’ बोलत असल्याचे सांगे आणि पोलिसांना चुकवण्यासाठी जागा बदलत राही. या दोन्ही केंद्रांना पायरेट म्हणणे मला पटत नाही. परवाना नसणे हा त्यांचा गुणधर्म खरा, पण ओळख नव्हे.

घोटाळा वाढतो तो समुद्रावरच्या केंद्रांमुळे. रेडिओ कॅरोलाइन मार्च १९६४ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यालगत, पण ब्रिटिश हद्दीबाहेर नांगरलेल्या जहाजावरून सुरू झाले. ऑगस्ट १९६७ मध्ये नवा कायदा लागू होईपर्यंत ब्रिटनला त्याला सरळ हात लावता येत नव्हता. सरकारशी त्याचा संघर्ष मोठा होता, तरी हेतू पॉप संगीत ऐकवण्याचा होता. म्हणून ते पायरेटच.

आता डायलवर ही दोन कशी ओळखायची ते पाहू. युरोपातील पायरेट केंद्रे प्रामुख्याने ६२०० ते ६४०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आणि बहुतांशी शनिवार-रविवारी सापडतात. अमेरिकेतील ६९२५ किलोहर्ट्झच्या आसपास, आणि हॅलोविन किंवा नाताळसारख्या दिवसांत जास्त. त्यांना वेळापत्रक नसते. भूमिगत केंद्र मात्र रोज ठरलेल्या वेळी येते, अर्धा किंवा एक तास बोलते आणि जाते. आणखी एक खूण कानाला लगेच कळते : त्याच फ्रिक्वेन्सीवर मुद्दाम सोडलेला गोंगाट. पायरेट केंद्र बंद पाडण्यासाठी कोणी शेकडो किलोवॅट खर्च करत नाही. तिबेटी भाषेतील ‘व्हॉइस ऑफ तिबेट’वर चीनमधून असा गोंगाट सोडला जातो आणि तो चुकवण्यासाठी हे केंद्र चालू कार्यक्रमात एक-दोन किलोहर्ट्झ इकडे-तिकडे सरकते. हे सरकणे ऐकून रिपोर्टमध्ये मिनिटासह नोंदवले, तर ऐकल्याचा त्याहून पक्का पुरावा दुसरा नाही.

पायरेट केंद्राला रिपोर्ट पाठवताना त्या माणसाला काय हवे आहे ते लक्षात ठेवावे. समजा, फोंड्यात रविवारच्या पहाटे २ वाजून ४ मिनिटांनी ६२०० च्या पट्ट्यात एखादे डच केंद्र पुसटसे लागले. भारतीय वेळ यूटीसीच्या, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे असल्याने रिपोर्टमध्ये वेळ २०:३४ यूटीसी आणि वार शनिवार पडतो. तारीख रविवारची लिहिली, तर चालकाला आपल्या नोंदीत तो कार्यक्रम सापडणारच नाही. मग गाण्यांचा क्रम, निवेदकाने केंद्राचे नाव घेतल्याची वेळ आणि सिनपो आकडे. सिनपोमध्ये सिग्नलची ताकद, इतर केंद्रांचा अडथळा, वातावरणातला गोंगाट, चढउतार आणि एकूण दर्जा यांना प्रत्येकी १ ते ५ गुण असतात. २५२३२ असे प्रामाणिकपणे लिहिलेले आकडे खुशामतीच्या ५५५५५ पेक्षा त्याला अधिक उपयोगी पडतात. अँटेनाचेही दोन शब्दांत वर्णन करावे. दोन माडांमध्ये ताणलेली वीस मीटर तार, आणि वीज गेल्यामुळे शेजारच्या एलईडी दिव्यांचा गोंगाट थांबला होता की नाही, हे त्याला खरोखर वाचायचे असते. शंभर वॅटवर पणजी-फोंड्यापर्यंत पोचल्याचे कळले की बहुधा उत्तर येतेच, अलीकडे ईमेलवर चित्ररूपात.

टपालाच्या काळात यासाठी मध्यस्थ पेटीची सोय होती. अमेरिकेतील पायरेट केंद्रे पेनसिल्व्हेनियातील ब्लू रिज समिट किंवा न्यूयॉर्क राज्यातील बेलफास्ट अशा छोट्या गावांतील टपालपेटीचा पत्ता निवेदनात सांगत. श्रोता रिपोर्टसोबत तीन तिकिटे पाठवी : एक पत्र चालकाकडे जाण्यासाठी, एक कार्ड श्रोत्याकडे येण्यासाठी आणि एक पेटी सांभाळणाऱ्याच्या खर्चासाठी. चालकाचा पत्ता श्रोत्याला कधीच कळत नसे. आजही तो विचारू नये आणि सिग्नलवरून हुडकलाच, तर चारचौघांत सांगू नये. त्याच्या देशात त्याला दंड होऊ शकतो.

भूमिगत केंद्राच्या बाबतीत मोठा पेच असतो तो ‘कोण’ या प्रश्नाचा. १९५५ च्या गोव्यातून ‘व्हॉझ दा लिबर्दाद’ला रिपोर्ट लिहिणे म्हणजे आपले नाव पोलिसांच्या हाती देणे होते. आज अशी बरीच केंद्रे स्वतःचा ट्रान्समीटर बाळगत नाहीत. तिसऱ्या देशातील शंभर किंवा अधिक किलोवॅटचा ट्रान्समीटर तासावर भाड्याने घेतात. ‘व्हॉइस ऑफ तिबेट’ची संस्था १९९६ पासूनची, नॉर्वेतील; तिचे प्रसारण मात्र ताजिकिस्तानातून होत आले आहे. म्हणजे नॉर्वे, तिबेट आणि ताजिकिस्तान अशी तीन नावे एका कार्डाशी जोडली जातात. किती देशांची केंद्रे ऐकली हे मोजताना ट्रान्समीटर जिथे उभा आहे तो देश धरायचा, हा छंदातील रूढ नियम इथे पाळावा आणि कार्डावर ट्रान्समीटरचे ठिकाण छापलेले आहे का ते आधी पाहावे. नसेल, तर ते कार्ड कार्यक्रमाची पोच आहे, ठिकाणाची नव्हे. उत्तर कोरियात पळवून नेलेल्या जपानी नागरिकांसाठी २००५ पासून बोलणाऱ्या ‘शिओकाझे’चे प्रसारण जपानमधील यामाता येथून, रीतसर व्यवस्थेने होते. तिथे परवान्याचा प्रश्नच उरत नाही, तरी लक्ष्यित देशाच्या दृष्टीने ते अनधिकृतच.

या केंद्रांना रिपोर्ट लिहिताना भाषा न समजण्याची अडचण येते. त्यासाठी सुरुवातीची धून, निवेदक स्त्री की पुरुष, मुलाखत की बातम्या, ओळखू आलेली माणसांची किंवा स्थळांची नावे असे मिनिटवार टिपावे आणि दोन-तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण जोडावे. गोंगाट कितपत झाकत होता, हे सविस्तर लिहावे. पायरेट चालकाला गाण्यांची यादी जेवढी मोलाची, तेवढीच ही माहिती इथे मोलाची असते. उत्तर महिनोन्महिने येत नाही, कधी येतच नाही, आणि त्याचा राग धरू नये. पत्रांना उत्तर देणारी माणसे तिथे मोजकी असतात. आलेल्या पत्रावर एखाद्याची सही किंवा नाव असेल, तर त्याचा फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याआधी ते झाकणे हे मी कर्तव्यच मानतो.

राहिला प्रश्न दूरस्थ रिसीव्हरचा. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर कोणालाही इंटरनेटवरून वापरता येतो आणि त्यावर डच पायरेट केंद्रे स्पष्ट ऐकू येतात. त्यावरून पाठवलेल्या रिपोर्टलाही कित्येक चालक आनंदाने कार्ड देतात. पण तो सिग्नल एन्स्खेडे शहरात पोचला, फोंड्यात नव्हे, हे रिपोर्टमध्ये पहिल्याच ओळीत लिहावे आणि ते कार्ड वहीत वेगळ्या पानावर लावावे. भूमिगत केंद्रासाठी तर हा रिसीव्हर शक्यतो वापरूच नये, कारण त्याचे प्रसारण ज्या प्रदेशाकडे रोखलेले असते तिथे ते कसे पोचते, हे त्यांना हवे असते आणि व्हॉइस ऑफ तिबेटच्या बाबतीत त्याचे उत्तर हॉलंडपेक्षा गोव्यातला श्रोता अधिक जवळून देऊ शकतो.