थंबनेलच्या वजनामागचा इतिहास

पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या दुकानात मोबाइलने काढलेला पैठणीचा फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेलचा, तीन-चार एमबीचा असतो. वेबसाइटवरच्या यादीत थंबनेलला, म्हणजे त्याच्या छोट्या चित्राला, जागा मिळते ४०० × ३००ची, म्हणजे शंभरातला एकच पिक्सेल लागतो. तरी पुष्कळदा मूळ फोटोच चढवून कोडमध्ये फक्त रुंदी कमी लिहितात. चित्र लहान दिसतं, पण गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर सगळे तीन-चार एमबी उतरतात. आधी माप कमी करायचं, मग कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल दाबून हलकी करणं. ५६ केबीपीएसच्या (सेकंदाला ५६ हजार बिट; आठ बिटांचा एक बाइट) जुन्या मोडेमवर सेकंदाला फार तर सात केबी यायचे, तेव्हा हा क्रम मोडणं परवडायचंच नाही.

त्या वेळी चालणारं जीआयएफ हे चित्रफाइलीचं स्वरूप १९८७चं. त्यात रंग २५६च. लोगोला पुरतात, जरीवर मात्र ठिपके उमटतात. त्यातल्या एलझेडडब्ल्यू या कॉम्प्रेशन पद्धतीचं पेटंट युनिसिस कंपनीकडे होतं. १९९४च्या अखेरीस परवाना-शुल्काचा वाद पेटला आणि त्यातून १९९६ला पीएनजी हे नवं स्वरूप आलं. ते एकही पिक्सेल बदलत नाही, म्हणूनच फोटोसाठी जड पडतं.

फोटोचा प्रश्न सोडवला १९९२च्या जेपेगने. त्याच्या मुळाशी आहे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, म्हणजे चित्रातले ठळक आणि बारीक चढउतार वेगळे काढणारं गणित. त्यावरचा शोधनिबंध बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केला. आपण रोज सरकवतो त्या ‘क्वालिटी’च्या पट्टीमागे हे गणित आहे, हे आपल्याकडे अजून पुरेसं सांगितलं जात नाही. चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडायचे, प्रत्येकातले ठळक फरक ठेवायचे आणि डोळ्याला जाणवत नाहीत ते बारीक चढउतार गाळायचे. लिबजेपेग या जेपेग बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या शंभरपर्यंतच्या क्वालिटी-मोजपट्टीवर ७५च्या आसपास हे चौकोन सहसा दिसत नाहीत. ५०च्या खाली पदरावरच्या मोरात ते डोकावू लागतात.

दुसरी काटकसर रंगात. डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तितका नाही. म्हणून ४:२:० या रंग साठवण्याच्या पर्यायामध्ये चार पिक्सेलना मिळून एकच रंगमाहिती ठेवतात. डोंगर-आभाळाच्या फोटोत ते खपून जातं, पण हिरव्या पैठणीचा लाल काठ कडेने फुटतो. तिथे प्रत्येक पिक्सेलचा रंग ठेवणारं ४:४:४ निवडावं. फाइल थोडी वाढते, काठ स्वच्छ राहतो.

गाळलेलं परत मिळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आधीच कॉम्प्रेस झालेला असतो. तो पुन्हा सेव्ह केला की डाग साठतात. फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवावा. एक्झिफमधली (फोटोच्या फाइलीत लपलेल्या माहितीतली) जीपीएस नोंद आणि आतलं छोटं चित्र काढून टाकावं, पण त्याआधी फोटो सरळ फिरवून घ्यावा: उभा-आडव्याची खूण तिथेच असते, ती गेली की उभी साडी आडवी होते. रंग कसे दाखवायचे ते सांगणारं कलर प्रोफाइल काढायचं असेल तर रंग आधी एसआरजीबी या वेबवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीत आणावेत, नाहीतर राणी रंग फिका पडतो.

२०१०चं वेबपी हे स्वरूप त्याच दर्जाला जेपेगपेक्षा बहुतेकदा हलकं असतं, पण अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरमध्ये ते २०२०लाच आलं. त्याच्या लॉसी, म्हणजे माहिती गाळणाऱ्या, प्रकारात ४:२:० शिवाय पर्याय नाही, त्यामुळे लाल काठ पुन्हा फुटतो. अशा साड्यांसाठी वेबपी बनवताना ‘शार्प वाययूव्ही’ हा रंगांच्या कडा जपणारा पर्याय चालू करावा, किंवा ४:४:४ चालणारं एव्हिफ हे स्वरूप घ्यावं.