ओंकारेश्वरचं हेलिकॉप्टर आणि जानापावचा ढग

इंदूरच्या मराठी घरात पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की बेत ठरलेला असतो. सकाळी पोहे-जिलबी, मग उज्जैनला महाकाल, दुसऱ्या दिवशी ओंकारेश्वर, आणि सवड असली तर येताना महेश्वर. नोव्हेंबर २०२५ पासून त्यात एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. राज्य सरकारने इंदूर, उज्जैन आणि ओंकारेश्वर यांना जोडणारी पर्यटन हेलिकॉप्टर सेवा सुरू केली. ओंकारेश्वरच्या वाटेवरच्या भेरूघाटात ट्रकांच्या मागे ताटकळलेल्या माणसाला हे ऐकून हायसं वाटणारच. तिकिटाचं बोलणं निघालं की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "पण ते सुरक्षित असतं का हो?"

अमेरिकेत हेलिकॉप्टरच्या उड्डाणतासांची नीट मोजदाद ठेवतात. तिथे अलीकडच्या काळात दर एक लाख उड्डाणतासांमागे साधारण एकाहून कमी जीवघेणा अपघात होतो. अगदी एक धरला, तरी वीस मिनिटांच्या फेरीत तसा अपघात होण्याची शक्यता तीन लाखांत एक इतकी निघते. ज्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्या देशातल्या माणसाने या आकड्याला घाबरू नये. पण हा आकडा सरासरीचा आहे आणि हेलिकॉप्टरच्या बाबतीत सरासरी फार फसवी असते. धोका सगळ्या फेऱ्यांवर सारखा वाटलेला नसतो. स्वच्छ हवेतल्या शेकडो फेऱ्या बिनघोर होतात आणि मोजक्या काही फेऱ्यांत तो सगळा साठून येतो. त्या फेऱ्या कोणत्या, हे कळलं तर आमच्या आत्याला तिकीट काढून द्यायचं की नाही ते ठरवता येतं.

बहुतेकांना भीती वाटते ती इंजिन बंद पडण्याची. विमानाला निदान पंख तरी असतात, हे तर दगडासारखं खाली येईल, असा समज. तसं होत नाही. इंजिन बंद पडताच पायलट डाव्या हाताचा दांडा, ज्याला कलेक्टिव्ह म्हणतात, तो झटकन खाली दाबतो. त्याने डोक्यावरच्या पात्यांचा कोन कमी होतो. हेलिकॉप्टर खाली येऊ लागतं, खालून वर येणारी हवा पात्यांमधून जाते आणि जत्रेतलं भिरभिरं हातात धरून पोरगं पळालं की ते जसं आपोआप फिरतं, तशी ती पाती इंजिनाशिवाय फिरत राहतात. या फिरण्यात ऊर्जा साठलेली असते. जमिनीच्या जवळ आल्यावर पायलट आधी नाक उचलून वेग कमी करतो, मग दांडा वर ओढतो आणि साठलेली ऊर्जा एकदाच वापरून हलकेच टेकतो. एकदाच, कारण दुसऱ्यांदा वापरायला ती उरलेली नसते. हा प्रकार प्रत्येक पायलटकडून प्रशिक्षणात घोटून घेतलेला असतो.

अशा वेळी हेलिकॉप्टर साधारण एक मीटर खाली येताना चारेक मीटर पुढे जाऊ शकतं. म्हणजे तीनशे मीटर उंचीवर असाल तर सुमारे सव्वा किलोमीटरच्या आत उतरायला जागा सापडली पाहिजे. इंदूर ते उज्जैन हा पट्टा या दृष्टीने सुखाचा आहे. खाली सपाट काळी जमीन, सोयाबीनची नाहीतर गव्हाची शेतं. ओंकारेश्वरला मात्र खाली नर्मदा, खडक, घाटांवरची गर्दी आणि नदीवरून गेलेला झुलता पूल. म्हणून तिथे उंची राखणं जास्त मोलाचं. उंची आणि वेग दोन्ही कमी असतील तर पात्यांना गती धरायला वेळच मिळत नाही, आणि हीच हेलिकॉप्टरची सगळ्यात नाजूक अवस्था असते. फोटोसाठी पायलटला "जरा खाली घ्या ना, जरा थांबवा ना" म्हणणारा पाहुणा नेमकी तीच अवस्था मागत असतो.

खरा वैरी ढग. पावसाळ्यात शनिवार-रविवारी अख्खं इंदूर चोरल, पाताळपाणी, जानापावकडे धावतं. जानापावचा डोंगर साडेआठशे मीटरच्या आसपास उंच आहे. ऑगस्टमध्ये तिथे उभं राहिलं की समोरून एक पांढरा लोट येतो आणि दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. आपण त्यात हात पसरून फोटो काढतो. पाय जमिनीवर असतात म्हणून ते सुचतं. माळव्याचं पठार जिथे संपतं आणि विंध्याची कड नर्मदेच्या खोऱ्यात उतरते, तिथे दमट हवा वर चढताना थंड होऊन असे ढग तयार होतात. इंदूरहून ओंकारेश्वरला जायचं तर हीच कड ओलांडावी लागते.

पर्यटनाची बहुतेक हेलिकॉप्टरं डोळ्यांनी बघून चालवायच्या नियमाखाली उडतात. क्षितिज दिसतंय, जमीन दिसतेय, तोवर सगळं ठीक. ढगात शिरल्यावर डोळे निकामी होतात आणि मेंदू कानावर विसंबतो. आपल्या आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या असतात. डोकं वळलं की द्रव मागे राहतो आणि त्यातून वळल्याची जाणीव होते. पण वळण एकसारखं चालू राहिलं तर दहा-वीस सेकंदांत द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि जाणीव संपते. सेकंदाला दोन अंशांहून सावकाश कलणं तर मुळात कळतच नाही. म्हणजे हेलिकॉप्टर एका कुशीवर कलून खाली चाललेलं असतं आणि पायलटला शपथेवर वाटत असतं की आपण सरळ आहोत. त्याने सरळ केलं की उलट दुसरीकडे कलल्याचा भास होतो, आणि तो पुन्हा चुकीच्या बाजूला वळवतो. इथे हुशारी आणि अनुभव कामाला येत नाहीत. हा मानवी शरीराचा गुणधर्म आहे.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात याची चाचणी झाली. उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या वीस जणांना बाहेरचं दिसणार नाही अशा स्थितीत छोटं विमान चालवायला दिलं. विसांच्या विसांचा ताबा सुटला. कुणाचा वीस सेकंदांत, कुणाचा आठ मिनिटांत. सरासरी १७८ सेकंद. आणि हे विमानाचं झालं. विमान मोकळं सोडलं तर काही काळ स्वतःला सावरून धरतं. साधं हेलिकॉप्टर तसं नाही, हात काढला की काही सेकंदांत ते भलतीकडे जातं. अमेरिकेच्या हेलिकॉप्टर सुरक्षा पथकाने प्रत्यक्ष अपघातांवरून काढलेली सरासरी आहे ५६ सेकंद.

२६ डिसेंबर २०१९ रोजी हवाईतल्या काउआई बेटावर, नाताळच्या सुट्टीत, सहा पर्यटकांना घेऊन गेलेलं हेलिकॉप्टर ढगाळ डोंगरावर आदळलं. सातही जण गेले. त्याच दिवशी तीच हवा पाहून इतर काही पायलट मागे वळले होते. तपासाचा निष्कर्ष सरळ होता: दिसेनासं झाल्यावरही उड्डाण चालू ठेवलं. आपल्याकडे १५ जून २०२५ च्या पहाटे केदारनाथहून परतणारं हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ कोसळलं. सात जण गेले, त्यांत महाराष्ट्रातलं एक कुटुंब होतं, लहान मुलीसह. तेव्हा खोऱ्यात ढग होते, आणि पोलिसांनी दाखल केलेल्या गुन्ह्यात ठरवून दिलेल्या वेळेच्या आधीच उड्डाण केल्याचा आरोप आहे. ८ मे ते १५ जून, सहा आठवड्यांच्या आत उत्तराखंडात अशा लहानमोठ्या पाच घटना घडल्या आणि तेरा जीव गेले.

केदारनाथला ढगाच्या जोडीला विरळ हवा असते. मंदिर ३,५८३ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांश असतो. पाती हवेला खाली ढकलून वजन उचलतात. हवाच कमी तर उचलणारं बळ कमी, आणि इंजिनालाही जाळायला ऑक्सिजन कमी. त्यात ऊन पडलं की हवा आणखी पसरते. पारा पंधरा अंशांवर असला तर तिथली हवा प्रमाण वातावरणातल्या, म्हणजे सरासरी दाब-तापमान धरून आखलेल्या वातावरणातल्या, ४,४०० मीटरच्या हवेइतकी विरळ असते, असं गणित सांगतं. हेलिकॉप्टरला मंदिर त्याच जागी असून आठशे मीटर उंच गेल्यासारखं वाटतं म्हणा ना.

हेच गणित आपल्या गावालाही लावून बघा. इंदूरचा विमानतळ साधारण ५६० मीटरवर. मे महिन्यात दुपारी पारा चाळीसवर गेला की इथली हवा दीड हजार मीटरवरच्या हवेसारखी वागते. हेलिकॉप्टरची ताकद इथे संपत नाही, केदारनाथच्या मानाने हे काहीच नाही, पण हाताशी असलेली जादा ताकद कमी होते. वाऱ्याचा झोत आला, उतरताना पुन्हा वर उठावं लागलं, तर तीच उपयोगी पडते. म्हणून उन्हाळ्यात सकाळची फेरी चांगली. हिवाळ्यात उलट, पहाटेचं धुकं विरेपर्यंत थांबलेलं बरं.

आता काउंटरवरच्या वजनकाट्याचा उलगडा होईल. आमच्या राजेंद्रनगरच्या आत्याला केदारनाथच्या फेरीच्या वेळी काट्यावर उभं केलं, आकडा मोठ्याने वाचला आणि वर पिशवीही वेगळी तोलली. ती अजून धुसफुसते. "लग्नाच्या पंगतीतसुद्धा असा अपमान झाला नव्हता." पण सहा-सात माणसांच्या हेलिकॉप्टरमध्ये प्रत्येकाने दहा-दहा किलो लपवले तर एक अख्खं माणूस जास्त चढतं, आणि विरळ हवेत ते पुरे होतं. नुसती बेरीजच नाही, कोण कुठे बसलं यावर तोलही ठरतो. म्हणून नवरा-बायकोला शेजारी बसवलं नाही तर भांडू नका. काटाच नसेल, किंवा "अंदाजे सांगा" म्हणत असतील, तर मला त्या ठिकाणी चढावंसं वाटणार नाही.

बाकीचे धोके थोडक्यात. तारा: ८ मे २०२५ ला गंगोत्रीकडे निघालेलं हेलिकॉप्टर रस्त्यावर तातडीने उतरू पाहत असताना वरून गेलेल्या केबलला त्याची पाती लागली, असं प्राथमिक अहवाल सांगतो. गर्दी: २ जानेवारी २०२३ ला ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला, ऐन सुट्टीच्या हंगामात, एकाच ठिकाणची दोन पर्यटन हेलिकॉप्टरं एकमेकांवर आदळली. एक उठत होतं, एक उतरत होतं. चार जण गेले. आग: फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रँड कॅन्यनला कोसळलेल्या हेलिकॉप्टरने पेट घेतला. आदळल्यावर न फुटणारी इंधनटाकी तेव्हाही बाजारात होती, पण जुन्या जातीच्या हेलिकॉप्टरांना ती सक्तीची नव्हती. पुढे अमेरिकेत कायदा करून नव्या बनावटीला ती सक्तीची केली.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या इंदुरी आई-बाबांची संख्या काही कमी नाही, म्हणून न्यूयॉर्कची एक गोष्ट जरा सविस्तर. ११ मार्च २०१८ रोजी दारं काढलेल्या हेलिकॉप्टरमधून पाच पर्यटक शहराचे फोटो काढत होते. पाय बाहेर सोडून बसता यावं म्हणून त्यांना पाठीमागून पट्ट्याने जखडलेलं होतं. त्यातल्या एकाचा पट्टा इंधन बंद करायच्या खटक्यात अडकला आणि इंजिन बंद पडलं. पायलटने वर सांगितलेली करामत करून हेलिकॉप्टर नदीवर उतरवलं, पण त्याचे तरंगण्याचे फुगे नीट फुगले नाहीत, ते उलटलं. पायलट सुटला. पाचही प्रवाशांना पट्टे सोडवता आले नाहीत आणि ते बुडाले. दार उघडं ठेवून फोटो काढायची सहल कुणी कितीही स्वस्तात देऊ केली तरी नको. आणि कुठल्याही हेलिकॉप्टरमध्ये बसल्यावर आपला पट्टा आपल्याच हाताने एकदा लावून, सोडून बघावा.

जमिनीवरही जपावं लागतं. फिरणारा शेपटीचा पंखा डोळ्यांना दिसत नाही, हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. एप्रिल २०२३ मध्ये केदारनाथच्या हेलिपॅडवर त्याचा फटका बसून एका सरकारी अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. तेव्हा पायलटला दिसेल अशा बाजूने, पुढून, जरा वाकून जायचं. टोपी, ओढणी, पदर हातात घट्ट धरायचा. सेल्फी नंतर.

आता ढगाकडे परत येतो, कारण तिथे प्रवाशाचाही हात असतो आणि ते कुणी लक्षात घेत नाही. पायलट ढगात मुद्दाम शिरत नाही. मागे रांग लागलेली असते, दिवसाच्या फेऱ्या ठरलेल्या असतात, शेजारच्या सीटवरचे काका "आम्ही एवढ्या लांबून आलोय, थोडंसंच तर धुकं आहे" म्हणत असतात, आणि फेरी रद्द झाली की काउंटरवर आरडाओरडा होणार हे त्याला ठाऊक असतं. परत फिरण्याची किंमत जिथे जास्त, तिथे "बघू, पुढे उघडेल" हा विचार बळावतो. म्हणून तिकीट काढताना मी हेलिकॉप्टरची जात नंतर विचारतो, आधी नियमावलीतली एक ओळ वाचतो: हवामानामुळे फेरी रद्द झाली तर पैसे पूर्ण परत मिळतात का, आणि किती दिवसांत. दुसरं म्हणजे परतीची गाडी किंवा रेल्वे त्याच दिवशीची काढत नाही. ओंकारेश्वरहून टॅक्सीने परत यायची तयारी ठेवली की "आज नाही उडणार" हे ऐकून पोटात गोळा येत नाही.

उज्जैनला २०२८ मध्ये सिंहस्थ आहे. तेव्हा या फेऱ्यांना केवढी मागणी येईल ते सांगायला ज्योतिषी नको. त्याआधी चोरल-सिमरोलजवळच्या विंध्याच्या कडेवर दोन-तीन ठिकाणी हवामान केंद्र आणि कॅमेरे बसवावेत, त्यांचं चित्र पायलटला उड्डाणाआधी आणि प्रवाशांना हेलिपॅडवरच्या पडद्यावर दिसावं, आणि तासाला किती फेऱ्या याची मर्यादा गर्दी बघून वाढवता येणार नाही अशी बांधून टाकावी. कॅमेऱ्याचा खर्च हेलिकॉप्टरच्या मानाने किरकोळ आहे. शिवाय पडद्यावर घाट पांढराफटक दिसत असला की काउंटरवरच्या काकांनाही फार बोलता येणार नाही.