गप्पी आणि गॅम्बुशिया: डास दोघेही खातात, पण…

डासांच्या अळ्या खाणारा इवलासा राखाडी मासा दिसला की आपण त्याला सरसकट गप्पी म्हणून मोकळे होतो. पुष्कळदा तो गॅम्बुशिया असतो.

आधी नावांची गंमत. गप्पीचा गप्पांशी काहीही संबंध नाही. त्रिनिदादमधल्या रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी यांनी पाठवलेल्या माशांवरून 1866 मध्ये लंडनला त्यांचं नाव या माशाला दिलं गेलं. खरं तर पीटर्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने 1859 मध्येच व्हेनेझुएलातल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं होतं, त्यामुळे शास्त्रीय नावातून गप्पी गेले आणि बोलण्यात मात्र राहिले. गॅम्बुशियाचं नाव क्युबातल्या एका शब्दावरून आलं. गळ टाकून हाती काहीच लागलं नाही की तिथे ‘गॅम्बुसिनो पकडले’ म्हणायचे. म्हणजे एकाला माणसाचं नाव मिळालं, दुसऱ्याला ‘काही नाही’ असं.

दोघांची गल्लत होणं साहजिक आहे. दोघे एकाच कुळातले. माद्या अंडी घालत नाहीत, तीन-चार आठवड्यांनी थेट पोहणारी पिल्लं देतात. गाभण मादीच्या पोटाशी मागच्या बाजूला काळसर डाग दिसतो, तोही दोघींना. तोंड वरच्या अंगाला उघडतं, त्यामुळे पृष्ठभागाशी लोंबकळणारी अळी सहज टिपता येते आणि पाण्यात ऑक्सिजन कमी पडला तर अगदी वरच्या थरातल्या पाण्यावर भागवता येतं.

नर ओळखणं सोपं. गप्पीच्या नरावर केशरी, काळे, चमकते निळे ठिपके असतात. गॅम्बुशियाचा नर मादीसारखाच राखाडी, फक्त लहान. घोळ होतो तो माद्यांचा. गॅम्बुशियाचं डोकं वरून चपटं असतं आणि शेपटीच्या परावर बहुधा बारीक काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. पण हे ठिपके बघायला मासा क्षणभर तरी एका जागी थांबायला हवा, आणि तो थांबत नाही. माझ्या मते रंगरूपापेक्षा नरांचं वागणं बघावं, तिथे संशयाला जागा उरत नाही.

गप्पीचा नर मादीच्या समोर येतो, सगळे पर पसरतो, अंग इंग्रजी एस अक्षरासारखं वाकवतो आणि तसाच थरथरत राहतो. मादी बघते आणि बऱ्याचदा सरळ निघून जाते. अनेक ठिकाणच्या माद्यांना जास्त केशरी नर आवडतात. हा केशरी रंग ज्या द्रव्यांमुळे येतो ती माशाच्या अंगात तयार होत नाहीत, शेवाळासारख्या खाण्यातून मिळवावी लागतात. गडद केशरी नर म्हणजे पोटभर खाल्लेला नर. (सगळेच गप्पी इतके सभ्य नसतात, नाच टाळून मागून घुसणारेही असतात.)

गॅम्बुशियात नाचबीच जवळपास नाहीच. नर मागून येतो, पोटाखालचा नळीसारखा झालेला पर पुढे वळवतो आणि मादीला ढुसणी देतो. मादी पळते, तो पुन्हा येतो. या पळापळीत मादीचा खाण्याचा वेळ जातो. नजरेत न येता जवळ पोचणं महत्त्वाचं असल्याने लहानखुऱ्या नरांचं इथे फावतं.

मग गप्पीचे सगळे नर भडक का नसतात? जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनी त्रिनिदादच्या ओढ्यांत याचा शोध घेतला. धबधब्याच्या खाली मोठे शिकारी मासे असतात, तिथले नर फिकट. वर ते पोचत नाहीत, तिथले नर रंगीत. 1976 मध्ये त्यांनी खालचे गप्पी उचलून धोका कमी असलेल्या ओढ्यात सोडले. दोनेक वर्षांत तिथले नर रंगीत झाले. उत्क्रांती डोळ्यांदेखत घडताना दिसते, त्याचं हे गाजलेलं उदाहरण.

गॅम्बुशिया गाजला तो वेगळ्या कारणाने. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेने केलेल्या 100 सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. मूळचा तो अमेरिकेच्या दक्षिण भागातला. डासांसाठी म्हणून जगभर नेला गेला. तो नुसत्या अळ्यांवर थांबत नाही. दुसऱ्या माशांचे पर कुरतडतो, बेडकांची शेपटीवाली पिल्लं टोचून मारतो, आणि शेवाळ खाणारे पाण्यातले सूक्ष्म जीव फस्त करतो. ते संपले की शेवाळ माजतं आणि पाणी हिरवं होतं. गप्पीला थंडी सोसत नाही, त्याचा प्रसार उष्ण पाण्यापुरताच राहतो. गॅम्बुशिया जवळपास गोठणाऱ्या पाण्यातही तग धरतो.

म्हणून गप्पी निरुपद्रवी ठरतो असं मात्र नाही. नराचे शुक्राणू मादी पोटात कित्येक महिने साठवून ठेवते, एका मिलनावर ओळीने अनेक वेतं काढते. बंद टाकीत ही सोयच. नैसर्गिक तळ्यात मात्र बादलीतून निसटलेली एकटी मादीही नवी वस्ती उभी करायला पुरते, मग ती गप्पीची असो की गॅम्बुशियाची.