टाइपला न दिसलेली चूक

हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेतलं ‘हेड’ हे फंक्शन बघा. त्याचा टाइप, म्हणजे ते काय घेतं आणि काय देतं याचं वर्णन, एवढंच सांगतो: लिस्ट द्या, पहिला घटक घ्या. लिस्ट रिकामी निघाली तर काय, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. कोड आधी तपासणारा कंपायलर होकार देतो आणि प्रोग्राम चालता चालता कोसळतो.

ही फट एमएल या भाषेपासूनची आहे. १९७०च्या दशकात एडिंबरा विद्यापीठात रॉबिन मिल्नर आणि सहकाऱ्यांनी एलसीएफ या सिद्धता-प्रणालीसाठी ही भाषा घडवली. प्रमेय सिद्ध करताना एक युक्ती फसली की दुसरी लावून बघायची, हे तिथलं रोजचं काम. म्हणून चूक फेकायची आणि वर कुठेतरी झेलायची सोय एमएलमध्ये आली. १९७८ मध्ये मिल्नर यांनी दाखवून दिलं की टाइप जुळलेला प्रोग्राम भलत्या वाटेला जात नाही. हमी पक्की होती, पण टाइपांच्या घोटाळ्यापुरती. फेकलेल्या चुकीचा फंक्शनच्या टाइपवर मागमूसही नसे.

वाट निघाली ती चुकीलाच साधं मूल्य मानण्यातून. १९८५ मध्ये फिलिप वाडलर यांनी सुचवलं: फंक्शनने यशस्वी उत्तरांची लिस्ट द्यावी, लिस्ट रिकामी, म्हणजे अपयश. मला हा विचार आजही फार सुंदर वाटतो, कारण त्यासाठी भाषेत नवं काहीच घालावं लागत नाही. मेबी (उत्तर आहे किंवा नाही) आणि ईदर (उत्तर किंवा चूक) हे हॅस्केलमधले टाइप याच वळणाचे. अडचण एवढीच, की दर पायरीला ‘उत्तर आलं का?’ विचारायचं, पाच पायऱ्या असल्या की एकात एक पाच तपासण्या. युजेनियो मोज्जी यांनी १९८९ मध्ये मोनाडची, म्हणजे अशा पायऱ्या एकमेकींना जोडायच्या रीतीची, गणिती मांडणी केली, वाडलर यांनी ती प्रोग्रामरांपर्यंत आणली, आणि ही विचारपूस पायऱ्यांच्या जोडणीतच सामावली.

जावा या भाषेने बऱ्याच चुकांसाठी, कोणती चूक फेकली जाईल ते मेथडच्या (फंक्शनच्या) सिग्नेचरमध्येच, म्हणजे तिच्या पहिल्या ओळीतच, लिहायची सक्ती केली. लोकांनी रिकामे कॅच ब्लॉक लिहून, म्हणजे चूक झेलून तिचं काहीच न करता, ती सक्ती चुकवली. २०१४ मध्ये जावात लॅम्डा, म्हणजे बिननावाची छोटी फंक्शनं, आले, पण मॅपला (प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणाऱ्या मेथडला) दिलेल्या लॅम्डातून अशी चूक बाहेर फेकता येईना. मग ती रनटाइम एक्सेप्शनमध्ये, म्हणजे ही सक्ती लागू नसलेल्या चुकीत, गुंडाळायचा रिवाज पडला.

रस्ट या भाषेने २०१५ च्या पहिल्या स्थिर आवृत्तीपासूनच रिझल्ट हा ईदरसारखा टाइप दिला, २०१६ मध्ये चूक आली की ती वर पाठवणारा प्रश्नचिन्हाचा ऑपरेटरही. तरी घाईत ‘अनरॅप’ (उत्तर आहेच असं धरून ते काढून घ्या) लिहिलं आणि चूक निघाली की कोसळणं आलंच. पण ही पळवाट कोडमध्ये नावानिशी लिहावी लागते, शोधता येते, आणि माझ्या मते हा फरक मोठा आहे.

‘हेड’ मात्र हॅस्केलमध्ये अजून आहे. २०२३ च्या जीएचसी (हॅस्केलचा मुख्य कंपायलर) ९.८ पासून ते वापरलं की कंपायलर निदान इशारा देतो.