नाव कॉलेजचे, नंबर खेळाडूचा

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे संघ ड्राफ्टमध्ये क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडतात. जून २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक ड्यूक या नावाजलेल्या कॉलेजच्या खेळाडूला मिळाला तेव्हा कोणाला नवल वाटले नाही. दुसरा आणि पाचवा क्रमांक मात्र रटगर्स कॉलेजच्या जोडगोळीने पटकावला. त्या मोसमात रटगर्सने १५ सामने जिंकले, १७ गमावले आणि मार्चमधल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना प्रवेशही मिळाला नाही. २०१७ चा पहिला क्रमांक तर ९ विजय आणि २२ पराभव नोंदवणाऱ्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संघातला होता. तरीही 'मोठ्या कॉलेजात गेलास की ड्राफ्ट पक्का' हा समज टिकून आहे.

एके काळी तो अगदी चूक नव्हता. १९६५ पर्यंत एखाद्या संघाला पहिल्या फेरीतली आपली निवड सोडून जवळपासच्या कॉलेजचा खेळाडू थेट घेता येई. स्थानिक कॉलेजचा हिरो म्हणजे हमखास तिकीटविक्री. शाळेनंतर चार वर्षे थांबण्याची अट १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. १९९५ नंतर शाळेतून थेट लीगमध्ये येणाऱ्यांची रांग लागली आणि २००१ मध्ये पहिला क्रमांकही अशाच एका मुलाला गेला. त्या दहा वर्षांत कॉलेजच्या नावाचा भाव उतरला होता.

तो पुन्हा चढला २००५ च्या करारामुळे. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या या करारातल्या वयाच्या नियमाला सगळे 'वन-अँड-डन' म्हणतात, म्हणजे एक वर्ष कॉलेज की काम झाले. गंमत अशी की नियमात कॉलेजची सक्ती कुठेच नाही. अट एवढीच, की अमेरिकन खेळाडू ड्राफ्टच्या वर्षात १९ वर्षांचा होत असावा आणि त्याच्या बरोबरीच्या मुलांची शाळा संपून एक वर्ष उलटलेले असावे. ते वर्ष कुठे काढायचे, हा त्याचा प्रश्न. एकाने ते इटलीत काढले आणि २००९ मध्ये दहावा गेला. दुसरा ऑस्ट्रेलियात खेळून २०२० मध्ये तिसरा. सेंटरच्या जागेवर खेळणारा पंजाबचा सात फुटी मुलगा तर फ्लोरिडातल्या अकादमीतून, कॉलेजची पायरी न चढता, २०१५ मध्ये ५२वा निवडला गेला. अठराव्या वर्षी सैन्यात जाता येते, मग खेळून पैसे का कमावता येऊ नयेत, हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. मला तो रास्त वाटतो. लीगने कच्ची मुले निवडण्याची आपली जोखीम मुलांच्या एका वर्षावर टाकली आणि त्याचा आयता फायदा मोजक्या कॉलेजांना झाला.

सर्वाधिक फायदा केंटकी या कॉलेजचा. २०१० मध्ये त्यांचे पाच जण पहिल्याच फेरीत गेले. २०१२ मध्ये पहिले दोन्ही क्रमांक त्यांचे. पण ही मुले केंटकीने घडवली म्हणायचे की शाळेतच हेरलेली मुले तिथे गोळा झाली होती? बहुतांशी दुसरेच. नावाचा खरा लाभ राखीव खेळाडूला. २०१० च्या पाचांतल्या एकाची सरासरी होती ३.४ गुण. छोट्या कॉलेजात त्याच्याकडे कोणी वळूनही पाहिले नसते. इथे तारे पाहायला आलेल्या स्काउट्सच्या, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांच्या, नजरेत तो रोज होता. तो २९वा गेला, म्हणजे पहिल्या फेरीत आणि हमी असलेल्या करारासह. पण मोठे नाव झाकूनही टाकते. २०१५ मध्ये तेराव्या क्रमांकावर गेलेला केंटकीचा गार्ड, म्हणजे बास्केटपासून दूर खेळणारा खेळाडू, कॉलेजात सुरुवातीच्या पाचांत नव्हता, पुढे लीगमधल्या आघाडीच्या स्कोअररांपैकी एक ठरला. उलट छोट्या कॉलेजांतले, म्हणजे डेव्हिडसनचा सातवा (२००९), वेबर स्टेटचा सहावा (२०१२) आणि मरे स्टेटचा दुसरा (२०१९) यांच्याकडे चेंडू कायम हातात होता आणि लपायला जागा नव्हती.

२०२१ पासून गणित आणखी बदलले. खेळाडूंना आपल्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली आणि एक मोसम बाहेर न बसता कॉलेज बदलता येऊ लागले. आता मुलगा छोट्या ठिकाणी स्वतःला सिद्ध करतो आणि मग मोठे नाव गाठतो. २०२५ मध्ये अठरावा गेलेला गार्ड आधी दोन मोसम छोट्या आयोना कॉलेजकडून खेळला, नंतर दोन मोठ्या फ्लोरिडाकडून, आणि शेवटच्या मोसमात राष्ट्रीय विजेता झाला. ड्राफ्टच्या यादीत त्याच्या नावापुढे फक्त फ्लोरिडा आहे.