शंकरपाळ्यातली तारीख : प्रेस्ड ग्लासच्या फुलदाण्यांची पार्श्वभूमी

काच साच्यात ओतून वरून तरफेने दट्ट्या दाबण्याची रीत अमेरिकेत १८२० च्या दशकात रुजली. ब्रिटनमध्ये तिला खरा वाव मिळाला तो १८४५ नंतर. तोवर तिथे काचेवर वजनानुसार अबकारी कर होता आणि दाबून केलेली काच अंगाने जाड, म्हणजे वजनदार. तो कर उठला आणि पैलू पाडलेल्या काचेची ऐट मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली.

दट्ट्या सरळ वर निघावा लागतो, म्हणून या फुलदाण्या आतून गुळगुळीत आणि तोंडाकडे रुंदावणाऱ्या असतात. नक्षी सगळी बाहेरून. काठाची झालर मात्र काच गरम असताना कारागीर हाताने वळवत.

१८७० आणि १८८० च्या दशकांत ईशान्य इंग्लंडमधल्या गेट्सहेड आणि संडरलंडच्या कारखान्यांनी या कामाला जी उंची दिली, तिला तोड नाही. हस्तिदंती, दुधी, जांभळ्या-पांढऱ्या लाटांची अपारदर्शक काच आणि तळहातावर मावतील एवढ्या फुलदाण्या. एका कारखान्याची खूण मोराचे डोके, दुसऱ्याची बुरुजातून डोकावणारा सिंह.

या खुणांशेजारी अनेकदा शंकरपाळ्याच्या आकाराची एक चौकट उठवलेली दिसते आणि सगळा घोळ तिथेच आहे. १८४२ च्या कायद्याखाली नक्षीची सरकारदरबारी नोंद होई, ही चौकट त्या नोंदीची. वरच्या वर्तुळातला रोमन तीन म्हणजे काच हा वर्ग. कोपऱ्यांत वर्ष, महिना, दिवस आणि नोंदगठ्ठ्याचा क्रमांक. वर्षाची अक्षरे मुद्दाम उलटसुलट लावलेली होती. सव्वीस वर्षांत ती संपली, तेव्हा १८६८ पासून जागांची अदलाबदल झाली. वरच्या कोपऱ्यातला ‘एक्स’ १८४२ चा, उजवीकडचा १८६८ चा. जागा न पाहता अक्षर वाचले की वस्तू सव्वीस वर्षांनी म्हातारी ठरते.

त्याहून मोठी चूक म्हणजे या तारखेला फुलदाणीची जन्मतारीख मानणे. ती नक्षीच्या नोंदीची तारीख आहे. काचेच्या नक्षीला संरक्षण ३ वर्षांचे होते, पण साचा लोखंडी, महागडा आणि टिकाऊ. संरक्षण संपले म्हणून तो कोणी मोडीत काढत नसे. त्यामुळे ‘१८७७ ची फुलदाणी’ असे विक्रीच्या चिठ्ठीवर लिहिणे चूकच. ‘१८७७ किंवा नंतरची’ एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते. नेमके वर्ष लिहिले की किंमत चढते, म्हणूनच ही चूक इतकी चिवट आहे.

१८८३ नंतर चौकट बंद झाली आणि १८८४ पासून सलग नोंदणी क्रमांक आले. ते वाचायला सोपे, पण तेही नोंदीचेच वर्ष सांगतात.