मार खाण्याची तालीम

खुर्च्यांवर काही विद्यार्थी पाठ ताठ ठेवून बसलेत. त्यांचेच मित्र मागे उभे राहून त्यांना घाणेरड्या शिव्या देतायत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडतायत, मध्येच एखाद्याला खुर्चीवरून खाली पाडतायत. पडलेल्याने दोन्ही हातांनी डोकं झाकून अंग आखडून घ्यायचं, आणि उठून पुन्हा त्याच खुर्चीत बसायचं. दुकानांमधल्या वर्णभेदाविरुद्ध अहिंसक लढा देता यावा म्हणून अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात १९५९ साली एका चर्चमध्ये ही तालीम चालायची.

ती घेणारे जेम्स लॉसन. कोरियन युद्धाच्या काळात सैन्यभरतीला नकार दिला म्हणून तुरुंगात जाऊन आलेला हा तरुण पुढे तीन वर्षं आपल्या नागपुरात, हिस्लॉप कॉलेजात होता. गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी तिथे केला. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात काळ्या लोकांनी वर्णभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकल्याची बातमीही त्यांना तिथल्याच वर्तमानपत्रात वाचायला मिळाली.

अहिंसा म्हटलं की आपल्याला मनाचा मोठेपणा आठवतो. लॉसन यांच्या लेखी अहिंसा हे शिकून घ्यायचं कसब होतं, पोहण्यासारखं. कुणी कानाखाली वाजवली की हात आपोआप उठतो. तिथे विचाराला वेळच नसतो. ती ऊर्मी आवरायची तर तो अपमान आधी दहा वेळा, ओळखीच्या माणसाकडून, सुरक्षित जागी सोसलेला असावा लागतो. सवयीने भीतीची धार जाते.

आणि एकानेही हात उचलला तर? पोलिसांना निमित्त मिळतं, आणि बघणाऱ्यांना दोन्ही बाजू सारख्याच दिसू लागतात. म्हणूनच विद्यार्थ्यांच्या नियमांत शिवी देऊ नका, मोठ्याने हसू नका, दुकानाचं दार अडवू नका, तोंड काउंटरकडेच ठेवा इतका बारकावा होता.

१३ फेब्रुवारी १९६० ला हे विद्यार्थी दुकानांमधल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. २७ तारखेला गोऱ्या टोळक्यांनी त्यांना मारलं; अटक झाली ती मात्र मार खाणाऱ्या ऐंशीएक जणांना. दंड भरून सुटता आलं असतं. त्यांनी तुरुंग पत्करला.

इथे अहिंसक लढ्यांचे अभ्यासक जीन शार्प यांचं म्हणणं लागू पडतं. सत्ता वर बसलेल्याच्या खिशात नसते. कारकून, शिपाई, गिऱ्हाईक रोज निमूटपणे ऐकतात म्हणून ती चालते. ते ऐकणं थांबवण्याच्या १९८ पद्धती शार्प यांनी १९७३ साली नोंदवल्या. नॅशव्हिलमध्ये सर्वांत जास्त झोंबली ती अगदी साधी पद्धत: काळ्या कुटुंबांनी ईस्टरची खरेदी केली नाही. गल्ले ओस पडल्यावर दुकानदार बोलणी करायला तयार झाले. मला तरी इथे हृदयपरिवर्तनापेक्षा हिशेबच जास्त दिसतो. लॉसन यांना हे पटलं नसतं.

अशा लढ्यांची मोजदादही झाली आहे. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अभ्यासकांनी १९०० ते २००६ मधले ३२३ लढे तपासले. सत्तापालट किंवा स्वातंत्र्यासाठीच्या या लढ्यांपैकी अहिंसक लढे सुमारे ५३ टक्के वेळा यशस्वी झाले, सशस्त्र लढे २६ टक्के. मुख्य कारण माणसांची संख्या. बंदूक घेऊन जंगलात थोडेच जातात. खरेदी बंद करायला आजीसुद्धा चालते. पण ५३ म्हणजे जवळजवळ निम्म्या लढ्यांना पूर्ण यश मिळालं नाही, हेही त्याच आकड्यात आहे, आणि अलीकडच्या काळात यशाचं प्रमाण आणखी घसरलंय. सरकारंही शिकतात.

१९ एप्रिलला विद्यार्थ्यांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारो लोक एकही घोषणा न देता महापौर बेन वेस्ट यांच्या कचेरीपर्यंत चालत गेले. केवळ वर्णावरून माणसामाणसांत भेद करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का, असं डायॅन नॅश या विद्यार्थिनीने त्यांना सगळ्यांसमोर विचारलं. ते हो म्हणाले.

१० मे रोजी सहा दुकानांनी काउंटर खुले केले. त्यासाठीही आधी ठरवाठरव झाली होती: कोणत्या दिवशी यायचं हे दुकानदारांना कळवलेलं, गिऱ्हाइकं निवडलेली, तीही छोट्या गटांनी येणारी. आत येऊन त्यांनी खाणं मागवलं, आणि ते त्यांना मिळालं.